दोरी कापायला शिकवणारे सारंग

आमच्या घरमालकांच्या घरात सात कात्र्या होत्या. स्वयंपाकघरात, माजघरात, पडवीत, न्हाणीघराच्या दाराशी, जिथे जाल तिथे खिळ्याला एक टांगलेली, उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर. सगळ्या बोथट टोकाच्या, बँडेज कापायला वापरतात तसल्या. आठवी त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. आणि एवढ्या कात्र्या असून दुधाची पिशवी ते दाताने फाडायचे. मी एकदा पडवीतली कात्री घेऊन चिकटपट्टी कापली, तर मी तिचं पातं पुसून, धार बघून, परत खिळ्याला लावेपर्यंत ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःची कात्री आणली.

ते जहाजावर सारंग होते. म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दोरखंड, नांगर, साखळ्या सगळं त्याच्या ताब्यात. तीस वर्षं बोटीवर काढून घरी बसलेले. रत्नागिरीतून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं चिऱ्याचं घर आहे. गावात सगळे त्यांना सारंगच म्हणत, मी काका म्हणायची. मी घाटावरची, कोल्हापूरकडची. फिजिओथेरपिस्ट म्हणून इथे एका दवाखान्यात नोकरीला आले, आणि माझ्या तोंडामुळे आठ महिन्यांत तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी बिनसलं. स्वतःचं काहीतरी सुरू करावं म्हणून जागा शोधत फिरत होते. बाकीचे घरमालक विचारायचे, लग्न झालंय का, मासे खाता का, रात्री किती वाजता येता. यांनी एकच विचारलं, "हाताच्या नसांचं तुला कळतं काय?"

कळतं म्हटलं.

"मग पुढच्या दोन खोल्या घे. भाडं नको. रोज अर्धा तास माझ्या बायकोच्या हाताला द्यायचा."

काकूंचा उजवा हात मनगटातून खाली लोंबायचा. पंजा वर उचलता येत नव्हता, बोटं सरळ होत नव्हती. दंडाच्या मागून जाणारी नस दाबली गेली की असं होतं. पण वेळेत उपचार झाले तर बहुतेक वेळा सुधारतंही. हे दुखणं वीस वर्षांहून जुनं होतं. मी स्पष्ट सांगून टाकलं की आता यात काही राम नाही, सांधे आखडू नयेत एवढंच मी करू शकते. काका म्हणाले, "तेवढं कर." मी विचारलं, झालं कशाने? काकू म्हणाल्या, "विहिरीवर पडले." तेवढ्यात काका उठून माडांना पाणी लावायला गेले. विहिरीवर पडून नस बरोबर त्याच जागी चिरडत नाही हे मला कळत होतं. पण पेशंट खोटं बोलतात, आणि मला त्याची सवय आहे.

त्या घरातली दुसरी तऱ्हा म्हणजे विचारणं. काका बायकोला विचारल्याशिवाय काही म्हणून करायचे नाहीत. "पंखा लावू गो?" "आमटीत कोकम घालू?" "दार लोटू काय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. काकू जपाला बसलेल्या असल्या तर हे हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभे. आमटी करपायची, पण माणूस हलायचा नाही. एकदा मे महिन्यात दुपारी काकूंना झोप लागली, तर पंख्याचं बटण हाताशी असून हे घामाने निथळत बसले होते. मी म्हटलं, "काका, लावा की पंखा. त्या काय पोलिसात देणार आहेत?"

"तिला विचारलं नाय अजून," म्हणाले.

काकू कधीकधी मुद्दाम नको म्हणायच्या. चहा समोर वाफाळत असायचा, त्यांना हवाही असायचा, आणि म्हणायच्या, नको. काका निमूट कप उचलून न्यायचे. मी एकदा विचारलं, असं का करता? "बघते, ऐकतात का," त्या म्हणाल्या. "ऐकतात." हे सांगताना त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मला तेव्हाच काही उमजायला हवं होतं, पण मी आपली आमटी करपल्याची गंमत लोकांना सांगत फिरत होते.

स्वयंपाक काका करायचे, भाकऱ्या तर अशा की कुठल्या बाईने तोंडात बोट घालावं. धुणं त्यांचं, काकूंचं लुगडं पिळून वाळत घालणं त्यांचं. पण वेणी घालायला शेजारची सून यायची. बांगड्या चढवायला कासारीण यायची. मी व्यायाम देताना एकदा म्हटलं, "काका, जरा इकडे या, कोपर धरा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, पोरं मार चुकवायला नेतात तसे. "तूच कर," म्हणाले. वर्षभर बघितलं. त्या माणसाचा हात बायकोला कुठेही लागत नव्हता. ताट ठेवताना सुद्धा ते जमिनीवर ठेवून मागे व्हायचे.

मग एके दुपारी एक जोडपं आलं. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या होत्या त्या दिवसांत. नवरा मिरकरवाडा बंदरावरचा, चुलत्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, पस्तिशीचा. बायको त्याच्याहून जरा लहान, कचेरीत कारकून. लग्नाला सहा वर्षं झालेली. तिच्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, अंगठा वर उचलत नव्हता. "गाडीवरून पडले," ती म्हणाली. मी बाही वर केली. दंडावर दोरीचा पीळ उमटलेला होता, मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

माझं डोकं फिरलं. नवऱ्याला बाहेर काढलं, दार लावलं आणि तिला विचारलं, "मारतो का तुला? खरं सांग, मी पोलिसांना फोन करते."  ती रडली. आणि रडता रडता हसायला लागली. "नाही हो मॅडम. मीच सांगितलं त्याला बांधायला."

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. दोघांनी मोबाईलवर वाचलं होतं, बघितलं होतं. किंक, बीडीएसएम असले शब्द ती कचेरीतल्या बाईच्या सावध आवाजात, दाराकडे बघत बोलली. दोघांनाही आवडलं होतं. तिला बांधून घ्यायला आवडत होतं आणि त्याला ती निर्धास्त झालेली बघायला. चुकलं एवढंच की तो बोटीवर जाळं बांधतो तसं त्याने तिला बांधलं. आणि ती मलाच विचारायला लागली, "आम्ही काही विकृत आहोत का हो मॅडम?" एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही.  त्या दिवशी नाही, असं म्हणाले खरी, पण ते माझं मलाच पटल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर आले तर पडवीत काकांनी नवऱ्याला गाठलं होतं. त्यांनी खिडकीतून तो दंड बघितला असावा.

"गाठ कुठची मारलीस?"

तो दचकला. "बोटीवरची."

"ओढली की घट्ट होणारी?"

"होय."

"दोरी?"

"नायलॉनची."

"कापलीस काय?"

"नाय. सोडवली कशीतरी. नवीकोरी होती."

काका पायरीवर खाली बसले. बराच वेळ खिशातली कात्री चाचपत राहिले. मग मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, रविवारी तुझा दवाखाना बंद असतो. तुझी खोली मी वापरू काय? नको म्हणालीस तर नको." मी म्हटलं, कशाला? "ह्यांना शिकवायचं आहे." मी हो म्हणाले, पण अट घातली की मी तिथे बसणार. मला वाटत होतं, म्हातारा काहीतरी भलतंच करील आणि माझ्या दवाखान्याला टाळं लागेल.

पहिला रविवार मी विसरणार नाही. मला वाटलं दोऱ्या निघतील. दोरी निघालीच नाही. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकेक कागद दिला. "तीन रकाने आखा. हवं, नको, आणि ठाऊक नाय. एकमेकांचं बघायचं नाय." ती दोघं शाळेतल्यासारखी हाताने झाकून लिहू लागली. झाल्यावर कागद बदलले. "तिच्या नकोमध्ये जे आहे, ते ह्या घरातून गेलं. का, कशाला, कधीतरी बघू, असं म्हणायचं नाय. ठाऊक नायला सध्या नकोच धरायचं. आणि तिने आज हवं लिहिलंन म्हणून ते उद्या चालत नाय. उद्या परत विचारायचं."

"दर वेळी?" तांडेल म्हणाला.

"तू दर वेळी वारा बघूनच बोट काढतोस ना? कालचा वारा चालतो काय?"

मग शब्द ठरवायचा. मध्येच थांबायचं असेल तर बोलायचा, आणि तो ऐकला की सगळं तिथल्या तिथे सोडायचं. "नको हा शब्द खेळात लाडाने पण येतो. म्हणून दुसरा पाहिजे, जो तसल्या वेळी कुणाच्या तोंडात येणार नाय." तांडेल म्हणाला, "हेदवी?" त्याची मावशी तिथली. काका भडकले. "दशभुजा गणपतीला मध्ये आणतोस मेल्या?" शेवटी तिने सुचवलं, सावर्डे. हायवेवरचा बाजाराचा गाव, तिथे उतरून ती कधीकाळी कॉलेजला जायची. सावर्डे ठरलं. हा नियम दोघांना होता. बांधणाऱ्यालाही नको वाटू शकतं, त्यानेही सावर्डे म्हणायचं. हे मला नवीन होतं. तुम्हाला कुठून ठाऊक, विचारलं, तर म्हणाले, "बाहेरच्या बंदरांत ह्याची पुस्तकं मिळतात." तोंडाला फडकं बांधायचं असेल तर तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. जुडगा खाली पडला की संपलं.

दोरी तिसऱ्या रविवारी निघाली. सुती, जाड, दोनदा धुऊन मऊ केलेली. नायलॉन नको, सुंभ नको. आधी टेबलाच्या पायाला, मग नवऱ्यालाच बांधून घ्यायचं. "जे तिच्या अंगावर करणार ते आधी तुझ्या अंगावर." तांडेल माझ्या व्यायामाच्या खाटेवर हात बांधून बसला आणि त्याची बायको गाठी मारताना इतकी हसली की तिचा बरा होत आलेला हात दुखायला लागला. गळ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही, दोरी नाही, ओढणी नाही, हात सुद्धा नाही. दंडाच्या मागे, काखेत, कोपराच्या आत नस वर असते, तिथे दाबायचं नाही. ते दाखवायला त्यांनी मला उठवलं. दोरीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मुंग्या आल्या, बोट गार लागलं, की खेळ बंद. दारू पिऊन नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दारात कोणी बोंबलत असलं तरी.

आणि कात्री हाताशी. हे मात्र ते प्रत्येक रविवारी सांगायचे, तेच तेच, आवाज चढवून. "बोटीवर आम्हाला शिकवलंनी, चांगली दोरी कापतो तो खलाशी नव्हे. गाठ सोडवायची. नखाने सोडव, दाताने सोडव, पण कापायची नाय. ते बोटीवर. माणसाच्या अंगावर सोडवत बसायचं नाय. कापायची. नवी असली तरी कापायची. दोरी बाजारात मिळते." मग ते दोघांकडून एकेक नवी दोरी सपासप कापून घ्यायचे. तांडेलाचा हात पहिल्यांदा थबकला. त्याला ती खरोखरच कापवेना. काकांनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, परत दिली. "परत," म्हणाले. तो कापायला लागेपर्यंत परत.

सगळं झाल्यावर काय करायचं हेही ठरलेलं. चादर पांघरायची, गुळाचा खडा आणि पाणी द्यायचं, अर्धा तास जवळ बसायचं. फोन बघायचा नाही. काहींना रडू येतं, येऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं, कसं वाटलं.

त्या दोघांनी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. महिन्या दोन महिन्यांत एखादं जोडपं यायचं. सगळी चांगली जाणती, तिशी-चाळिशीची, चपला हातात घेऊन आल्यासारखी संकोचून. काका पैसे घेत नसत आणि नावंही विचारत नसत. सगळ्यांना ठेवूनही घेत नसत. एक जण बायकोला घेऊन आला, बायकोला काहीही विचारलं की उत्तर हाच द्यायचा. काकांनी विचारलं, "तुमची मंडळी मुकी आहेत काय?" तिला माझ्याबरोबर काकूंकडे आत पाठवलं. चुलीपाशी बसून ती म्हणाली, "त्यांना हवंय म्हणून मी आले." मी बाहेर येऊन सांगितलं. काकांनी त्या माणसाला पायरीपर्यंत पोचवलं. "एकट्याला हवं असतं तो खेळ नव्हे, ती जबरदस्ती. परत येऊ नका." तो गावभर बोलेल अशी मला भीती होती. बोलला नाही, स्वतःचीच लाज असावी. त्याच्या बायकोला मी माझा नंबर दिला होता. तिचा फोन कधी आला नाही, आणि अजूनही अधूनमधून मला तिची आठवण होते.

हे सगळं चालू असताना काकू आतल्या दाराच्या मागे बसून असायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या कंटाळत असतील. एका सोमवारी मी त्यांचं मनगट वर उचलून धरलं होतं, आणि त्या एकदम म्हणाल्या, "विहिरीवर नाही पडले मी."

मी म्हटलं, "ठाऊक आहे."

"मीच म्हटलं होतं त्यांना. हे कुणी विचारलंच नाही कधी." आणि मग त्या न थांबता बोलत राहिल्या, जसं काही वीस वर्षं वाक्यं तयार करून ठेवली होती. काका दहा महिन्यांनी बोटीवरून घरी आले होते. दुपारची वेळ, घरात दोघंच. बोटीवरून आणलेली नवी दोरी पिशवीत होती. थट्टेतून निघालेली गोष्ट. "मी म्हटलं, तुम्ही एवढी मोठी बोट बांधता, मला बांधून दाखवा बघू. मला हवं होतं ते. चांगलं वाटत होतं." मग हात बधिर झाले आणि गाठ सुटेना. बोटीवरची गाठ, ओढली की आवळणारी. सुरी चुलीपाशी होती, दहा पावलांवर. "ते नखांनी सोडवत बसले. मग दातांनी. पाऊण तास. कापायचं त्यांच्या मनातच आलं नाही. आणि खरं सांगू? माझ्याही नाही. मीच म्हणत होते, सांभाळून, दोरी चांगली आहे."

डावा हात चार दिवसांत सुधारला, उजवा नाही. लाजेपोटी तीन महिने कुठे दाखवला नाही. डॉक्टरला काय सांगायचं, सासूला काय सांगायचं? विहिरीवर पडले हे काकूंनीच शोधून काढलं.

"तेव्हापासून हात लावलेला नाही त्यांनी," काकू म्हणाल्या.

"ह्या हाताला?"

"कशालाच."

 मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय, काकू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही परक्या भाषेत बोलले. "दोरी नको आता," त्या म्हणाल्या. "नुसता हात धरला असता तर पुरलं असतं. पंखा विचारतात, कोकम विचारतात. हे नाही विचारत." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापत होता. मला ते बरं वाटलं. रागावलेली माणसं मला कळतात. मी म्हटलं, मग तुम्हीच विचारा. आज मला वाटतं, मी जरा तोंड आवरायला हवं होतं.

पुढच्या रविवारी कुणी येणार नव्हतं. काका माझ्या खोलीत दोऱ्या गुंडाळून ठेवत होते. काकू आल्या. शेजारच्या सुनेकडून वेणी घालून घेतलेली, नेसलेलं लुगडं नवं. जिथे इतर बायका बसायच्या त्या खुर्चीत बसल्या. मी उठून जायला लागले, तर म्हणाल्या, "तू बस."

मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला पण विचारा."

काकांना कळलं नाही. किंवा कळलं. त्यांनी दोरी खाली ठेवली. "काय विचारू गो?"

"ह्या सगळ्यांना विचारता ते. काय हवं."

 ते हलक्या आवाजात म्हणाले, "काय हवं तुला?"

"हा हात हातात घ्या. एवढंच." आणि त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला, पालथा, बोटं वळलेली. मी चार वर्षं रोज तो हात हाताळत होते. पण तो असा कुणासमोर ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला आणि मला मान वळवावीशी वाटली.

काका टेबलापर्यंत आले. त्यांचा हात उचलला गेला, खोटं कशाला सांगू, वीतभर अंतर राहिलं होतं. तिथून तो मागे गेला.

"नको," ते म्हणाले.

"का पण?" मी ओरडले. माझ्याच्याने राहवलं नाही.

काकूंनी मला डाव्या हाताने थांबवलं. "का विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग हात परत उचलून पदराखाली घेतला, "बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी काकांवर तोंडसुख घेतलं. जगाला शिकवता, घरातल्या बाईची वीस वर्षं वाया घालवलीत, हे प्रायश्चित्त नव्हे, ही दुसरी शिक्षा तिलाच, असं मनात येईल ते बोलले.  ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तो हात हातात घ्यायचा म्हटलं की माझ्या दातात दोरी येते. अजून. मला जमत नाय." आणि ते रडले. मोठ्या अंगाचा माणूस, माझ्या व्यायामाच्या खाटेच्या कडेला बसून. मी पाणी आणून दिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि काकूंचंही खरं होतं, आणि त्याचं काय करायचं हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

त्यानंतर घर होतं तसंच चाललं. जोडपी येत राहिली. काका कागद देत राहिले, फक्त आवाज पूर्वीसारखा चढायचा नाही. "पंखा लावू गो?" चालूच होतं. पण काकू आता उगाच नको म्हणेनाशा झाल्या. पंखा हो, कोकम हो, दार लोटा, हो. सगळ्याला हो. चहा नको असला तरी हो म्हणून तसाच थंड करायच्या. एकदा मी म्हटलं, एकदा नको म्हणून बघा की. "कशाला," म्हणाल्या. "त्यांना बरं वाटतं हो म्हटलं की."

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी भाकरी थापताना बसल्या जागी कलंडले. मी धावले, छाती दाबली, गाडी बोलावली, पण काही उपयोग नव्हता.

दुपारपर्यंत माणसं जमली. अंगणात बांबूची तिरडी झाली. मिरकरवाड्याचा तांडेल आला होता, त्याची बायको काकूंजवळ बसली होती. आंघोळ घालून त्यांना तिरडीवर ठेवलं, आणि पुरुषांनी सुंभाने बांधायला घेतलं, छातीवरून, गुडघ्यांवरून, पायांशी. रीतच आहे ती, रस्त्यात हलू नये म्हणून. तांडेलाने गाठी मारल्या. मारताना तो हुंदके देत होता. काकांचे हात छातीवर, दोरीच्या वर ठेवलेले होते.

शेजारची म्हातारी काकूंना दंडाला धरून घेऊन आली. "हात लाव गो एकदा. शेवटचा."

काकू तिरडीशी वाकल्या. त्यांचा डावा हात पुढे गेला. काकांच्या हातापासून वीतभरावर थांबला.

"लाव ना गो."

"नको म्हणाले होते," काकू म्हणाल्या.

म्हातारीला काही कळलं नाही. "अगो, आता कसलं नको? गेला ना तो."

"म्हणूनच. आता विचारू कुणाला?"

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांचं मनगट धरून त्यांचा हात त्यांच्या नवऱ्याच्या हातावर ठेवावा असं मला इतकं वाटलं की माझी बोटं दुखायला लागली. कुणी अडवलं नसतं. अंगणातली सगळी माणसं त्याचीच वाट बघत होती. मी हात लावला नाही.

काकूंनी हात मागे घेतला. सरळ उभ्या राहिल्या आणि तांडेलाकडे बघितलं.

"न्या," म्हणाल्या.